धनेश आणि कुचला : एक तौलनिक विवेचन

प्रस्तावना

कळमना येथील बाजार समितीच्या आवारात दिवसभर पोती वाहणारे हमाल, हातगाडी ओढणारे मजूर आणि पहाटेपासून संत्र्याच्या ढिगापाशी उकिडवे बसून प्रतवारी करणाऱ्या स्त्रिया यांच्यात कटिशूल, जानुसंधिगत वात आणि गृध्रसी या व्याधींचे प्रमाण मोठे आहे. या परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्याला एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो : "डॉक्टरसाहेब, धनेशचं तेल भेटते का जी?" आठवडी बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला कापड अंथरून बसलेल्या जडीबुटीवाल्याकडे रुग्णाने ती बाटली पाहिलेली असते. बाटलीशेजारी पक्ष्याची वाळलेली चोच किंवा कवटी मांडलेली असते. "हा पक्षी कुचला खाऊन पचवतो, म्हणून याची चरबी कसलाही वात ओढून काढते," हे विक्रेत्याचे वाक्यही रुग्णाला पाठ झालेले असते.

या प्रश्नाला केवळ "नाही" असे उत्तर देऊन रुग्णाचे समाधान होत नाही. तो दुसरीकडे जातो व ते तेल विकत घेतो. म्हणून धनेश हा पक्षी आणि कुचला हा वृक्ष यांचा परस्परसंबंध काय, एकाचे गुण दुसऱ्यात उतरतात काय, शास्त्राचा यास आधार आहे काय, आणि रुग्णाला खरोखर हवा असलेला वातशमनाचा परिणाम सुरक्षितपणे कोठून मिळवावा, या चार मुद्द्यांचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे. विषय चिकित्सकांप्रमाणेच औषधी दुकानदारांच्याही जिव्हाळ्याचा आहे, कारण बाटली अखेर कोणत्या तरी फळीवरूनच विकली जाते.

धनेश : पक्षिपरिचय

धनेशाच्या नऊ जाती भारतात आढळतात. त्यांपैकी चार महाराष्ट्राच्या परिचयाच्या आहेत. नागपूर शहरातील जुन्या वड-पिंपळांवर नजर ठेवणाऱ्यास राखी धनेश (ऑसिसेरॉस बायरोस्ट्रिस) सहज दिसतो. हा सुमारे दोन फूट लांबीचा, करड्या रंगाचा, लांब शेपटीचा पक्षी आहे. पूर्व विदर्भाच्या घनदाट जंगलात काळ्या-पांढऱ्या रंगाचा मलबारी कवड्या धनेश (अँथ्राकोसेरॉस कोरोनॅटस) आढळतो. सह्याद्रीत याच्या जोडीला मलबारी राखी धनेश आणि सर्वांत मोठा महाधनेश (ब्युसेरॉस बायकॉर्निस) हे आहेत. कोकणात धनेशास अनेक गावी 'गरुड' म्हणतात, परंतु पुराणातील गरुडाशी किंवा शिकारी पक्ष्यांशी त्याचा संबंध नाही. मोठी वाकडी चोच आणि काही जातींत त्यावरील शिरस्त्राणासारखा उंचवटा ही त्याची ओळख होय.

धनेशाचा मुख्य आहार फळे हा आहे. वड, पिंपळ, उंबर, पायर यांची फळे तो विशेष आवडीने खातो. सोबत कीटक, सरडे इत्यादीही खातो. गिळलेल्या फळातील बिया तो दूरवर जाऊन ओकून टाकतो किंवा विष्ठेवाटे टाकतो. पंचवल्कलातील वड, उंबर, पिंपळ, पायर हे वृक्ष रानात ज्यांच्यामुळे रुजतात, त्या पक्ष्यांत धनेशाचे स्थान मोठे आहे. व्रणशोधनासाठी आपण ज्या साली वापरतो, त्यांच्या रोपणाचे काम हा पक्षी विनामूल्य करीत असतो.

त्याच्या विणीची रीत येथे सांगणे आवश्यक आहे. मादी जुन्या वृक्षाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःची विष्ठा, अन्नाचा चोथा व माती यांनी ढोलीचे तोंड लिंपून घेते. केवळ चोच बाहेर येईल एवढी उभी फट राहते. आत असताना तिची उड्डाणाची पिसे गळून पडतात. या संपूर्ण काळात नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिलांना फळे भरवतो. मोठ्या जातींत घरट्याचा हा काळ तीन-चार महिन्यांचा असतो. अशा वेळी चरबीसाठी बाहेरचा नर मारला गेला, तर आतील मादीला उडता येत नाही आणि पिलांना अन्न मिळत नाही. एका बाटलीसाठी एक पक्षी मारला असे वाटते, प्रत्यक्षात बहुधा संपूर्ण कुटुंब नष्ट होते. शिवाय वर्षाला एक-दोन पिले वाढवणाऱ्या महाधनेशासारख्या पक्ष्याची अशी हानी लवकर भरून निघत नाही.

कुचला : वनस्पतिपरिचय

कुचला (स्ट्रिक्नॉस नक्स-व्होमिका) हा मध्यम उंचीचा पानझडी वृक्ष आहे. कोकणात यास काजरा म्हणतात. संस्कृतात कुपीलु, विषतिंदुक, कारस्कर, विषमुष्टी अशी याची नावे आहेत. पाने समोरासमोर, चकचकीत आणि तळापासून निघालेल्या तीन ते पाच ठळक शिरांची असतात. फुले हिरवट पांढरी व लहान असतात. फळ गोल, साधारण संत्र्याच्या आकाराचे असून पिकल्यावर त्याचा रंगही संत्र्यासारखाच होतो. कळमन्याच्या बाजारातील कोणीही दुरून फसावा असे हे साम्य आहे. कवच टणक असते व आत पांढरा बुळबुळीत गर असतो. त्या गरात बटणासारख्या चपट्या, गोल, राखाडी बिया असतात. बियांवर मध्यापासून कडेकडे गेलेली रेशमी लव असते. चव अत्यंत कडू असते.

भावमिश्राने कुपीलुचे वर्णन भावप्रकाश निघंटूच्या आम्रादिफलवर्गात केले आहे, म्हणजे आंबा, फणस, जांभूळ यांच्याच पंक्तीत यास स्थान दिले आहे. रसतरंगिणीकारांनी मात्र याच्या बीजाची गणना उपविषांत केली. एकाच वृक्षाच्या या दोन वर्गीकरणांतच आपल्या विषयाचे मर्म आहे, ते पुढे स्पष्ट होईल.

बीज रसाने तिक्त-कटु, गुणाने लघु, रूक्ष व तीक्ष्ण, विपाकाने कटु आणि वीर्याने उष्ण आहे. ते कफवातघ्न, दीपन, वेदनास्थापन व नाडीबल्य आहे. आधुनिक दृष्ट्या बीजात एकूण सुमारे दोन ते तीन टक्के अल्कलॉइड असून त्यांपैकी स्ट्रिक्नीन व ब्रुसीन ही प्रमुख होत. पेलेटिए व काव्हांतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी स्ट्रिक्नीन हे द्रव्य इ.स. १८१८ मध्ये कुचल्याच्याच कुळातील दुसऱ्या एका जातीच्या बियांतून प्रथम वेगळे केले.

उभयतांचा संबंध

ओडिशात धनेशास 'कुचिलाखाई', म्हणजे कुचला खाणारा, असे नाव आहे. हे नाव निरीक्षणातून आलेले असून ते खरेच आहे. मलबारी कवड्या धनेशाच्या आहारात कुचल्याच्या फळाचा समावेश असल्याचे पक्षिशास्त्रज्ञांनीही नोंदविले आहे. लोकसमजुतीचा पहिला भाग अशा रीतीने सत्य आहे. चूक होते ती त्यावरून काढलेल्या अनुमानात.

धनेश कुचल्याचे काय खातो, याकडे लक्ष दिले पाहिजे. तो फळ फोडून आतील गर खातो. विषाचा मुख्य साठा बीजात असतो, गरात तो अत्यल्प असतो. गरातील कडवटपणा मुख्यतः लोगॅनिन नावाच्या वेगळ्या द्रव्याचा आहे. गरासोबत बी गिळले गेले तरी त्याचे कवच इतके चिवट असते की ते न फुटता जसेच्या तसे बाहेर पडते. मनुष्यानेही अखंड बी गिळल्यास ते बहुधा तसेच मलावाटे जाते आणि तेच बी चावून अथवा कुटून घेतल्यास प्राणावर बेतते, हे अगदतंत्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. म्हणजे धनेश विष पचवत नाही, तो विष टाळून फळ खातो. भावमिश्राचा फलवर्ग आणि रसशास्त्राचा उपविषवर्ग हे दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत : गर हे पक्ष्याचे फळ आहे, बीज हे वैद्याचे उपविष आहे.

आता तुलना क्रमाने मांडू.

१) कार्यकारी द्रव्य : कुचल्याच्या बीजात ते निश्चित असून मोजता येते. धनेशाच्या चरबीत कुचल्याचे कार्यकारी द्रव्य साठत असल्याचा आधार नाही. स्ट्रिक्नीन शरीरात गेले तरी यकृतात त्याचे विघटन होते, ते मेदात वर्षानुवर्षे साचून राहणारे द्रव्य नव्हे.

२) शास्त्राधार : कुचल्याच्या बीजाचे गुणधर्म, शोधन, मात्रा आणि योग ग्रंथोक्त आहेत. धनेशतेलाचा पाठ भारतीय आयुर्वेदिक योगसंग्रहात नाही.

३) प्रमाणीकरण : कुचल्याचे बीज नजरेने, भिंगाने आणि प्रयोगशाळेत ओळखता येते. धनेशतेलाच्या नावाने विकली जाणारी बाटली कोणत्या प्राण्याच्या चरबीची आहे, की चरबीची मुळीच नसून साधे खाद्यतेल आहे, हे सांगण्याची सोय घेणाऱ्याकडे नाही. शेजारी मांडलेली कवटी बाटलीतील द्रवाची साक्ष देत नाही.

४) उपलब्धी : कुचल्याच्या झाडास धक्का न लावता फळे व बिया गोळा करता येतात. चरबी मात्र पक्षी मारल्याशिवाय मिळत नाही.

वसेचा शास्त्रविचार

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. चरकाचार्यांनी घृत, तैल, वसा व मज्जा असे चार स्नेह सांगितले आहेत. मग पक्ष्याची वसा वातघ्न म्हणून वापरण्यात शास्त्रविरोध कोणता?

याचे उत्तर चरकसंहितेतच, सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात मिळते. तेथे आचार्यांनी वसांची हितकर व अहितकर अशी स्पष्ट निवड केली आहे. विष्किर पक्ष्यांच्या वसेत कोंबड्याची वसा श्रेष्ठ, तर चिमणीची वसा अहितकर म्हटली आहे. जलचर पक्ष्यांतही अशीच एकेकाची निवड आहे. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, कोणत्याही प्राण्याची वसा चालेल असे आचार्यांना मान्य नव्हते. दुसरी, धनेशाचे नाव त्या यादीत नाही. चोचीने टोचून खाणारा म्हणून त्याची गणना प्रतुद वर्गात करावी म्हटले, तरी त्या यादीत प्रतुदवर्गीय पक्ष्यांची वसाही नाही.

शिवाय वसेचे जे कार्य आहे ते स्निग्ध-गुरु गुणांमुळे होणारे स्नेहन आहे. कोमट तेलाने मर्दन केल्यावर हमालाच्या कमरेला जो आराम वाटतो, तो अभ्यंगाचा आहे. तो तिळतेलानेही मिळतो. धनेशतेल लावून बरे वाटल्याचे सांगणाऱ्या रुग्णाला खोटे ठरवण्याचे कारण नाही. श्रेय कोणाचे, एवढेच त्याला समजावून द्यावे.

शोधन व मात्रा

धनेशतेल नाकारताना कुचल्याकडे वळावे, असा या लेखाचा आशय घेताना पूर्ण सावधगिरी हवी, कारण कुचला हे खरोखरचे विष आहे. प्रचलित शोधनविधीत बीजे सात दिवस गोमूत्रात भिजवितात व गोमूत्र रोज बदलतात. नंतर धुऊन दोलायंत्रात गोदुग्धात सुमारे तीन तास स्वेदन करतात. मऊ झाल्यावर वरची साल सोलून, दोन दलांमधील अंकुर (जिभली) काढून टाकतात, चूर्ण करून गोघृतात भर्जन करतात. शोधनाने स्ट्रिक्नीन व ब्रुसीन यांचे प्रमाण घटते, हे प्रयोगशाळांतील तपासण्यांतही आढळले आहे. शोधनासाठी वापरलेले गोमूत्र व दूध यांत विषांश उतरलेला असतो. ते गुरे, कुत्री वा मुले यांच्या हाती लागणार नाही असे खड्ड्यात पुरावे. घाई म्हणून केवळ तुपात तळून चूर्ण करणे हा शोधनाचा पर्याय नव्हे.

शुद्ध बीजचूर्णाची मात्रा ६० ते १२५ मि.ग्रॅ. आहे. व्यवहारात खरा धोका संयुक्त योगांत असतो. अग्नितुंडी वटीत शुद्ध कुचला इतर सर्व द्रव्यांच्या एकूण वजनाइतका असतो. म्हणजे १२५ मि.ग्रॅ.ची गोळी घेतली तर त्यात सुमारे ६० मि.ग्रॅ. कुचला आला. एका वेळी दोन गोळ्या म्हणजे मात्रेची वरची मर्यादा गाठली. त्याच रुग्णास वातासाठी एकांगवीर रस वा विषतिंदुक वटी जोडून दिली, तर चिकित्सकाच्या नकळत मात्रा ओलांडली जाते. म्हणून चिठ्ठी लिहिताना योगांची संख्या न मोजता सर्व योगांतील कुचला एकत्र मोजावा. सतत दीर्घकाळ न देता मध्ये विश्रांती द्यावी. बालक, गर्भिणी, अपस्माराचे वा आक्षेपाचे रुग्ण, उच्च रक्तदाब, यकृत-वृक्कविकार आणि प्रबळ पित्तप्रकृती यांत वर्ज्य करावा.

बाह्योपचारासाठी तर विषद्रव्याकडे जाण्याचीही गरज बहुधा पडत नाही. महानारायण, महामाष, प्रसारिणी, निर्गुंडी ही तेले आणि त्यांच्या जोडीला नाडीस्वेद वा पत्रपिंडस्वेद यांनी बहुतेक श्रमजन्य कटिशूल व संधिशूल आटोक्यात येतात. निर्गुंडी आपल्याकडे बांधाबांधावर उपलब्ध आहे.

विषलक्षणे

स्ट्रिक्नीन सुषुम्नेतील ग्लायसीन या निरोधक द्रव्याचे कार्य अडविते. त्यामुळे स्नायूंवरील लगाम सुटतो. पोटात गेल्यावर पंधरा मिनिटांपासून तासाभरात मान व जबडा ताठणे, अस्वस्थता, स्पर्श-आवाज-प्रकाश यांनी दचकणे ही लक्षणे सुरू होतात. पुढे शरीर धनुष्यासारखे वाकणारे आक्षेप येतात. या सर्व काळात रुग्णाची शुद्ध कायम असते, हे विशेष लक्षात ठेवावे. धनुर्वातापासून भेद असा : धनुर्वातात दोन आक्षेपांच्या मध्येही स्नायू ताठच राहतात व रोग सावकाश वाढतो, तर कुचलाविषात मधल्या काळात स्नायू शिथिल होतात आणि सर्व घडामोडी वेगाने होतात. मृत्यू श्वासावरोधाने येतो. अशा रुग्णास उलटी करविण्याच्या नादी लागू नये, त्यामुळेच आक्षेप सुरू होऊ शकतो. शांत व अंधाऱ्या जागी ठेवून, कमीत कमी हालवून, कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे.

औषधी दुकानदारांसाठी

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या अनुसूची ई(१) मध्ये कुचल्याचा समावेश आहे. पोटात घेण्याच्या अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे नियम १६१ अन्वये बंधनकारक आहे. ही सूचना नसलेला माल ठेवू नये आणि चिठ्ठीविना विकू नये. अशोधित बीजे वेगळ्या, कुलूपबंद, ठळक चिठ्ठी लावलेल्या डब्यात ठेवावीत. निर्मळीचे (कतक) बीज हे याच कुळातील आहे, परंतु ते आकाराने बरेच लहान व फुगीर असते आणि पाणी निवळण्यासाठी वापरले जाते. या दोहोंचे डबे शेजारी ठेवू नयेत.

धनेशतेलाबाबत कायदा अधिक कठोर आहे. धनेश हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित पक्षी आहे. त्याची शिकार, तसेच चोच, कवटी, चरबी यांची खरेदी-विक्री हा गुन्हा होय. महाधनेशासारख्या अनुसूची १ मधील जातीबाबत, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. बाटलीतील द्रव बनावट निघाला, तरी धनेशाच्या नावाने औषध विकणारा ग्राहकाची फसवणूक करतोच आणि खऱ्या शिकारीची मागणीही वाढवितो. तेव्हा "गिऱ्हाईक मागते म्हणून ठेवतो" हे समर्थन टिकणारे नाही.

उपसंहार

दुर्मिळ द्रव्याच्या अभावी प्रतिनिधी द्रव्य घेण्याची परंपरा आपल्या ग्रंथकारांनीच घालून दिली आहे. कस्तुरीमृग दुर्लभ झाला तेव्हा वैद्यक थांबले नाही, लताकस्तुरी हाती घेऊन पुढे चालले. धनेशाच्या बाबतीत तर प्रतिनिधी शोधण्याचीही आवश्यकता नाही, कारण ज्या गुणासाठी त्याला मारले जाते तो गुण त्याच्यात कधी नव्हताच. तो गुण त्याने टाकून दिलेल्या बीजात आहे, आणि ते बीज शुद्ध करून, मोजून, योग्य रुग्णास देण्याची विद्या आपल्यापाशी आहे.

वैद्यबंधू-भगिनींना विनंती अशी की, धनेशतेल मागणाऱ्या रुग्णास हसून वाटेला लावू नये. त्यास दोन मिनिटे बसवून पक्षी गर खातो व बी टाकतो ही एक गोष्ट सांगावी, आणि निर्गुंडी तेलाची बाटली हाती द्यावी. पोती उचलणाऱ्या माणसाला ही गोष्ट चटकन समजते आणि तो ती चार सोबत्यांना सांगतो. बाटलीची मागणी कमी झाली की रानातील बंदूक व गलोलही थंडावते. आपल्या दवाखान्यात बसून होण्यासारखे हे काम आहे, ते प्रत्येकाने करावे.